मामाजींनी ट्रकला बसवलेला पंखा

होळी झाली की आमच्या अंगणात कूलरांचा पोळा भरतो. सासरे त्यांना एका ओळीत उभे करतात, नळीनं धुतात, मागच्या वर्षीचं कुजलेलं गवत उपसून नवं भरतात. कूलर नीट चालला की बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याच्या पत्र्यावर थाप मारतात आणि पुढच्याकडे वळतात.

केनवडात आमचं बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, गाद्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज आणि हे कूलर, सगळं आम्ही लग्नाकार्याला भाड्यानं देतो. मी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं होतं, लग्नाच्या धंद्यातलं घर म्हणजे बारा महिने गोडधोड. गोडधोड लोक खातात. आमच्या वाट्याला त्यांचे खरकटे गंज येतात आणि कूलरच्या टाकीत कुणीतरी टाकलेल्या पत्रावळी येतात. कूलरपुढे पाय फाकवून उभा राहणारा आणि मागच्या शंभर लोकांची हवा एकटा खाणारा माणूस प्रत्येक लग्नात एक तरी असतो, आणि तो नेहमी वराचा मामाच का असतो हे मला आजवर कळलेलं नाही.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. मामाजींचं विजेचं सगळं शिक्षण कूलरवर झालं. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात विजेची दोनच उपकरणं आहेत, एक कूलर आणि दुसरं जे कूलर नाही ते. घरातला मिक्सर बंद पडला तरी त्यांचा पहिला प्रश्न असतो, "पानी होतं का त्याच्यात?"

आमच्या घरात सुनेनं सासऱ्याशी उलट बोलू नये असा रिवाज आहे. मी तो पहिल्या दिवसापासून पाळते. मला काही बोलायचं असलं की मी ते ट्रकला बोलते. आमचा ट्रक अंगणातच उभा असतो, त्याला तोंड नाही आणि मान नाही, त्यामुळे त्याचा अपमान होत नाही. "गाडी, चहात साखर तुले डाक्टरनं मना केली हाय," असं मी म्हटलं की मामाजी कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "गाडी, हिले सांग, डाक्टर इथं नाई." असं आमचं बरं चाललेलं असतं. पाहुण्यांना काही कळत नाही, हा आणखी एक फायदा.

तर त्या ट्रकची ही गोष्ट. ट्रक लहान, चार चाकी फिरवणाऱ्याला तो मोठा वाटेल आणि मोठा ट्रक चालवणाऱ्याला खेळणं. मामाजींनी तो उमेदीत घेतला आणि आजतागायत दुसऱ्या कुणाला त्याचं बोनट उघडू दिलं नाही. नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा, पण त्यालाही फक्त सामान चढवायची परवानगी. त्यामुळे नवऱ्याचं आणि ट्रकचं कधी जमलं नाही. परवाच्या उन्हाळ्यात इंजिनाचा पंखा तुटला तेव्हा त्याला आनंद लपवता आला नाही.

हा पंखा रेडिएटरमागे असतो. इंजिनाचं पाणी तापून रेडिएटरमध्ये येतं, समोरून वारा आत ओढून पंखा ते थंड करतो. आमच्या ट्रकचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. त्याचं एक पातं मोडलं, बूड तडकलं, आणि तसला माल आता कुठंच मिळत नाही असं रिसोडपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं.

"इकून टाकू," नवरा म्हणाला. "पिकपवाल्याले फोन केला का दारात उभा राह्यते. एवढं लोखंड पोसाचं कायले?"

मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले आणि संध्याकाळी भंगारातून एक पंखा काखोटीला मारून आले. कुठल्याशा मोटारीचा, बॅटरीवर चालणारा. रेडिएटरमागे बसवायचा, दोन वायरी जोडायच्या, झालं. नवऱ्यानं पंख्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं.

"ठीक हाय," तो म्हणाला. "पन लग्नाच्या सामानासोबत गाडी एकदा जरी उकळली, तं दुसऱ्या दिवशी भंगारवाला बलावतो. मंग मले काई म्हनू नका."

मामाजी म्हणाले, "बलाव." पण त्यांचा आवाज बसला होता. हा ट्रक गेला तर मामाजींकडे गल्ल्यावर बसणं आणि कूलरमध्ये गवत भरणं एवढंच उरणार होतं, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

रिसोडच्या वायरिंगवाल्यानं गाडी घेऊन या, तासाभरात लावून देतो म्हणून सांगितलं होतं. मामाजींना तो अपमान वाटला. "ज्यानं साऱ्या तालुक्याच्या नवरदेवाले हवा देल्ली, त्यानं पंखा जोडाले दुसऱ्याच्या दारात जाव?" असं ते ट्रकला म्हणाले. मी ऐकलं. तरी त्या वायरिंगवाल्यानं सांगितलेलं त्यांनी बरंचसं लक्षात ठेवलं होतं. फ्यूज आणला. रिले आणली, म्हणजे एक काळी चौकोनी डबी. पंख्याचा जड करंट ती आपल्या अंगावर घेते आणि स्विचवर भार येत नाही. वायर जाड घेतली. इंजिनाला घासेल तिथं तिला सायकलच्या ट्यूबचं आवरण चढवलं. काम खरंच देखणं झालं होतं. आणि डॅशबोर्डवर त्यांनी स्विच म्हणून काय लावावं, तर कूलरचा जुना बोर्ड. त्यावर तीन बटणं. एकावर लिहिलेलं पंखा, दुसऱ्यावर पंप, तिसऱ्यावर झुला, म्हणजे हवा इकडेतिकडे फिरवायचं बटण. पंप आणि झुला कशालाच जोडलेले नव्हते, पण ती बटणं काढली तर भोकं दिसतात म्हणून ठेवली.

मी त्यांना पकड, टेप, पाना असं हातात देत होते. शेवटी पंख्याच्या दोन वायरी राहिल्या. एक काळी, एक निळी. मी विचारलं, "मामाजी, यातली कोनती कोनाले लावाची?"

मामाजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर ते कूलर परत आणताना त्याची पिन तोडून आणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवतात.

"कूलरची पिन उलटी घातली, तं पंखा उलटा फिरते का कधी?"

नाही फिरत. मी स्वतः ती पिन इकडून तिकडून हजार वेळा खोचली असेल. मी टेप त्यांच्या हातात दिला. मामाजींनी हाताला आली ती वायर हाताला आली तिच्याशी पिळली आणि वरून टेप गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. मामाजींनी ट्रक सुरू केला, डॅशबोर्डावरचं पंख्याचं बटण दाबलं आणि उतरून पुढे आले. तर काय, जाळीतून सोसाट्याची हवा बाहेर. उदबत्तीचा धूर मामाजींच्या मिशीत गेला. सासूबाई नेहमीप्रमाणे गाडीला कुंकू लावायला वाकल्या, तर चिमटीतलं कुंकू जाळीपर्यंत पोचलंच नाही, उलट फिरून त्यांच्याच गालांवर आलं. शेजारची मंडळी जमली होती, तीही हवा खायला पुढे सरकली. मामाजी दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभे राहिले, अगदी वराच्या मामासारखे.

"पाह्यलं का, किती दम हाय," ते म्हणाले.

"पन हवा गरम हाय, मामाजी," मी सरळच बोलून गेले.

"मंग? इंजिनाची गर्मी बाहेर फेकून राह्यला तो. त्याचं कामच ते हाय."

आता यात काय चुकीचं होतं सांगा. कूलर हवा पुढे फेकतो, ट्रकही फेकत होता. गर्मी बाहेर येत होती म्हणजे आत कमी होत असणार. मला पटलं. सगळ्यांनाच पटलं. शेजारच्या काकू तर म्हणाल्या की गाडीनं कुंकवाच्या बदल्यात कुंकू दिलं, असा मान कुणाला मिळत नाही. सासूबाई गाल पुसून चहा ठेवायला गेल्या.

त्याच आठवड्यात रिसोडच्या पलीकडे एका गावात लग्न होतं. ट्रकमध्ये कूलर, खुर्च्या, गंज, वर थंड पाण्याचे मोठे जार. स्टिअरिंगवर मामाजी. खिडकीशी नवरा, जो एरवी मोटारसायकलनं पुढे जातो पण त्या दिवशी मुद्दाम गाडीत बसला होता. मधे मी, कारण लग्नघरी स्वयंपाकाची भांडी मोजून देणं-घेणं माझ्याकडे असतं. आणि माझ्या बरोबर नाकासमोर तापमानाचा काटा.

केनवड सुटलं आणि काटा चढायला लागला. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मीही पाहत नाही असं दाखवलं. नवरा मात्र दुसरीकडे पाहतच नव्हता. रिसोडात बाजार समितीपाशी तूर-हरभऱ्याच्या ट्रॅक्टरांची रांग आडवी लागलेली होती, त्यात आम्ही अडकलो. मला वाटलं, झालं, आता इथंच शिट्टी वाजते. तर उभ्या गाडीत काटा हळूहळू खाली आला. रस्ता मोकळा झाला, गाडी धावली, काटा पुन्हा वर. जगातली सगळी वाहनं उभी राहून तापतात आणि धावताना निवतात. आमचं उलटं.

"हे काहून असं करून राह्यली?" नवऱ्यानं विचारलं.

"तिले चालाची सवय नाई राह्यली," मामाजी म्हणाले. "घरी बसून जड झाली ते."

रिसोड मागं पडून थोडंच अंतर गेलं असेल, बोनटच्या फटीतून वाफ यायला लागली. मामाजींनी एका कडुलिंबाखाली गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. नवरा खाली उतरला. मला त्याचा तेव्हा मनापासून राग आला, कारण तो हसत नव्हता, ओरडत नव्हता, फक्त घड्याळ बघत होता. समोरून रिसोडकडे जाणारा ओळखीचा एक मोटारसायकलवाला आला. त्याच्यामागं बसता बसता नवरा म्हणाला, "मी पिकप घेऊन येतो. तुमी सामान खाली घ्याले लागा."

मामाजी कडुलिंबाच्या बुंध्याशी बसले. पंखा त्यांनी चालूच ठेवला होता, इंजिन निवावं म्हणून. मी कधी त्यांना एवढं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. लग्नघरी उशीर होतोय याचंही त्यांना भान नव्हतं. मला भडभडून आलं आणि त्यासोबत चीडही आली. कशाची चीड ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

पत्त्यासाठी काचेपाशी लग्नाची पत्रिका खोचलेली होती. ती घेऊन मी वारा घालत गाडीपुढे उभी राहिले. हात जरा जाळीजवळ गेला आणि पत्रिका हातातून सुटली. ती जाळीला चिकटली नाही. भर्रकन उडाली आणि बांधापलीकडे जाऊन पडली. मी काटेरी बांध ओलांडून ती आणली आणि पुन्हा जाळीपुढे धरली. पुन्हा उडाली.

लहानपणी माझ्या भावाकडे सेलवर चालणारी मोटार होती. सेल उलटे घातले की ती मागं पळायची आणि आम्ही मांजराला घाबरवायचो. मला ते मांजर आठवलं, आणि सगळा प्रकार एकदम डोक्यात उतरला. रस्त्यानं समोरून वारा आत येऊ पाहतोय, आणि आमचा पंखा आतून त्याला ढकलून बाहेर काढतोय. दोघं दारात अडलेले. गाडी उभी राहिली की वारा थांबतो, म्हणून पंख्याचं थोडं तरी चालतं.

मी ट्रकच्या दिव्यावर हात ठेवला. "गाडी," मी म्हटलं, "तुहा पंखा उलटा फिरून राह्यला."

कडुलिंबाखालून उत्तर आलं. "गाडी, हिले सांग, वायर उलटी लावल्यानं पंखा उलटा फिरत नाई."

"गाडी, ते कूलरचं. तो घरातल्या करंटवर चालते. तू बॅटरीवर हायस. बॅटरीले उलटंसुलटं समजते."

मग मामाजी उठले. मला वाटलं, आता येऊन बघतील. तर ते गाडीला पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"मी रस्ता पाहतो," ते म्हणाले. "पोरगा दिसला तं खोकलतो. तुले जे कराचं ते कर. मी काई पाह्यलं नाई."

मी बोनट उघडलं. पंख्याचं बटण बंद केलं, टेप सोलला, काळी निळीच्या जागी, निळी काळीच्या जागी, पीळ, टेप. बोटं चटके बसून लाल झाली. बटण दाबलं. पत्रिका जाळीपुढे धरली तर ती माझ्या हातातून ओढली जाऊन थाप मारल्यासारखी जाळीला चिकटली.

मामाजी आले. त्यांनी पत्रिका काढली, सोडली, ती चिकटली. परत काढली, परत सोडली. लहान मुलासारखं चाललं होतं त्यांचं. मग ते ती हातात धरून नुसतेच उभे राहिले. मी दुसरीकडे पाहिलं. साऱ्या तालुक्याला हवा देणाऱ्या माणसाकडे त्या वेळी पाहणं मला बरं वाटेना.

इंजिन पुरतं निवल्यावर वऱ्हाडाच्या थंड पाण्यातला एक जार रेडिएटरला पाजला. वरपक्षाला तो कमी पडला नसावा, पडला असल्यास माझी हरकत नाही. आम्ही निघालो. काटा मधोमध येऊन बसला तो हलेचना. दोन वळणं गेलो असू, तेवढ्यात मागून हॉर्न. पिकप. नवरा त्यातून मान बाहेर काढून आमच्या गाडीकडे बघत होता, उकळलेल्या ट्रकनं आपल्यापुढे पळणं त्याला मंजूर नव्हतं. मामाजींनी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं होतं?" नवऱ्यानं खिडकीत येऊन विचारलं.

"काई नाई. पंख्याच्या वायरी उलट्या लागल्या होत्या," मामाजी म्हणाले. "मी सुलट्या केल्या."

"उलट्या लावल्या कोनं?"

आता मामाजी खरं बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात होता. बाबांना आता समजत नाही, एवढंच नवऱ्याला म्हणायचं बाकी होतं. मला हे कळत होतं. तरीही मामाजी काय करतील याची मला कल्पना नव्हती. त्यांनी सरळ समोर बघितलं आणि हनुवटीनं माझ्याकडे खूण केली.

"सुनेनं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून मिटलं. तो हसायला लागला होता. खरं हसू, पोट धरून. बापाच्या चुकीवर तो ट्रक विकणार होता, बायकोच्या चुकीवर त्याला ट्रक आवडायला लागला. "म्हनजे बाबांचं काम बराबर होतं," तो म्हणाला. पिकपवाल्याला चहा पाजून परत पाठवलं, आणि तो आमच्या गाडीत येऊन बसला.

लग्नघरी पोचेपर्यंत नवऱ्याच्या फोनवरून माझी कीर्ती पुढे गेली होती. आचारी मला म्हणाला, "वहिनी, कढई चुलीवर उलटी ठिवू का सुलटी?" मांडववाली पोरं कूलर लावताना मला बघून मुद्दाम पिन फिरवून फिरवून लावत होती. मी कुणाला एक अक्षर बोलले नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

परतताना नवरा खिडकीशी डोकं टेकून झोपला. मामाजी हळूच म्हणाले, "गाडी, तिले सांग, माहा इलाज नव्हता."

"गाडी," मी म्हटलं, "त्यायले सांग, मले दिसते."

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नवऱ्यानं चहाचा कप हातात घेतल्या घेतल्या आईला सगळा प्रसंग रंगवून सांगितला, मला आणखी थोडी वेंधळी करून. सासूबाई हसल्या नाहीत. त्या पिठाचे हात तसेच ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं, सुनेमुळे लग्नाला उशीर झाला म्हणून चिडल्या. नवरा अंघोळीला गेला, मामाजी गाडी धुवायला गेले, तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"त्यायनं तुले वायर लावू देल्ली?"

खोटं म्हणावं तर खरं सांगावं लागलं असतं. मी मान डोलावली.

"मले लग्न झाल्यापासून त्या गाडीले फडकंही मारू देल्लं नाई," सासूबाई म्हणाल्या. "कुंकू लावू देते तेवढं. तेही भाईरून."

दिवसभर अंगात धुमसत होतं ते सगळं तिथंच विझलं. मी ज्याला आळ समजत होते, ते या बाईला हवं होतं, आणि इतकी वर्षं हवं होतं. मला स्वतःची लाज वाटली नाही, पण त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

त्यांनी हात धुतले, पदर खोचला आणि अंगणात गेल्या. मी मागोमाग. मामाजी चाकावर नळी मारत होते. सासूबाई त्यांच्या शेजारून जाऊन गाडीपुढे उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "उघड."

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांच्या हातातली नळी खाली झाली, पाणी त्यांच्याच पायावर पडत राहिलं. मी बोनट उघडलं, टेप सोलला आणि कोणती वायर कुठून येते ते सासूबाईंना दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आता सुलट्या हायत ना?"

"हो, आई."

"मंग सोड त्या. मी उलट्या लावतो," सासूबाई म्हणाल्या. "मले बी एकडाव चुकू दे."

मी पीळ सोडवला आणि दोन्ही वायरी त्यांच्या हातात दिल्या.